आधी इंग्रजीत सांग

मरियामामीला इंग्रजी येतं असं आमच्या आळीत सगळे म्हणायचे. माझं मत कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की तिला इंग्रजी येत नव्हतं, इंग्रजी शब्द येत होते. टॉवेल, पिलो, बकेट, फीवर, नॉटी, क्विक. ढिगानं येत होते, आणि एकेकाचा अर्थ तिनं चार जणांना विचारून पक्का करून घेतलेला होता. त्याच शब्दांपायी तिनं पोटची पोर घालवली. हे मी तिच्या माघारी लिहिते आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. ती असताना तिच्या तोंडावरही मी हेच बोलले होते.

मी अकोल्याकडची. त्रेचाळीस साली लग्न होऊन नगरच्या ख्रिस्ती आळीत आले. नवरा गिदोन छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. सासूबाईंचं नाव झुंबरबाई. आवाज मोठा, हात त्याहून मोठा, आणि घरात कुणी उपाशी निजलेलं त्यांना चालायचं नाही. मरिया ही त्यांच्या धाकट्या भावाची, इसहाकची, बायको. गिदोनची मामी ती माझीही मामी. इसहाकमामा गवंडीकाम करायचे. ते तापानं गेले तेव्हा त्यांची मुलगी हन्ना अजून रांगत होती. मामीनं पोर नणंदेच्या ओटीत घातली आणि कॅम्पात गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून नोकरी धरली. राहायचं तिथंच, बंगल्यामागच्या खोलीत. महिन्यातून दोन आयतवार सुटी मिळायची, तीही दुपारपुरती.

त्या आयतवारी ती किल्ल्याच्या बाजूनं चालत यायची. किल्ल्यात तेव्हा मोठमोठे पुढारी कोंडलेले, वाटेवर पहारा असायचा. शिपायानं हटकलं की मामी त्याला ‘गुड आफ्टरनून’ म्हणायची आणि पदर सावरून पुढे निघायची. शिपाई गोंधळून बाजूला व्हायचा. ही गोष्ट ती दर वेळी सांगायची आणि दर वेळी आम्ही हसायचो. आळीतल्या बायका तिला विलायती मामी म्हणायच्या. तिच्या कानावर ते आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

ती शिकली ती सगळी ऐकून. मेमसाहेब काहीतरी आणायला सांगणार, ही भलतंच घेऊन जाणार, मेमसाहेब मान हलवणार. असं दोनदा-तीनदा झालं की तो शब्द तिच्या डोक्यात कायमचा बसायचा. मग अर्थाची खात्री करायला बंगल्यावरचा खानसामा फक्रुद्दीन होता. म्हातारा मोठा भला, पण त्याचा प्रत्येक अर्थ स्वयंपाकघरातून फिरून यायचा. ‘नाइस’ म्हणजे काय, असं हिनं विचारलं तर म्हणाला, ‘‘मीठ बरोबर पडलंय असा अर्थ.’’ मामीला ते पटेना. कारण मेमसाहेब सकाळच्या हवेलाही नाइस म्हणायची आणि नव्या झग्यालाही. शेवटी मामीनं स्वतःच ठरवलं की नाइस म्हणजे ‘बरं वाटलं’. मला तो अर्थ अजूनही आवडतो. बाई हुशार होती, यात वादच नाही.

हे सगळं कशासाठी, तर हन्नासाठी. मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण मिळायचं. आळीतल्या दोन पोरी तिथं शिकून पांढऱ्या लुगड्यात फिरताना मामीनं पाहिल्या होत्या. ज्या पोरींना इंग्रजी शब्द कळतात त्यांनाच तिथं घेतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवून दिलं होतं. ‘‘मी दुसऱ्याच्या पोरांची दुपटी धुतली. माझी पोर डागदराच्या शेजारी हुबी ऱ्हाईल,’’ असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज चढायचा. त्या स्वप्नाला मी नावं ठेवणार नाही. आळीतल्या कुठल्या आईला ते पडत नव्हतं?

आयतवारी येताना तिच्याकडे एक गाठोडं असायचं. त्यात बंगल्यावरच्या टाकाऊ वस्तू. कान तुटलेला कप, जॅमचा रिकामा डबा, दात पडलेला कंगवा, झिजलेला साबण, एका पायाचा मोजा. ती चटईवर सगळं मांडायची आणि एकेक वस्तू वर धरायची. ‘‘व्हॉट इज धिस?’’ हन्नानं आधी इंग्रजी शब्द सांगायचा, मग मराठी अर्थ, मग पुन्हा इंग्रजी शब्द. तीनदा म्हणून झालं की वस्तू खाली. हन्नाला ते सुरुवातीला खेळासारखं वाटायचं. तिला पाठ पटकन व्हायचं, मामी खूश व्हायची, आणि मग दोघी भाकरी खायला बसून इकडचं तिकडचं बोलायच्या. तोवर सगळं बरं चाललं होतं.

बिघडलं ते मेमसाहेबामुळे. म्हणजे तिचा तरी काय दोष म्हणा. तिचा मुलगा रॉबिनबाबा लहानपणापासून मामीच्या कडेवर वाढलेला. तो मराठीच बोलायला लागला. भूक लागली की ‘दूध दे’, पडला की ‘बाऊ झाला’. जेवताना आईनं काही विचारलं की तो मामीकडे बघायचा. एक दिवस मेमसाहेब रडली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तिनं नियम काढला की बाबा इंग्रजीत मागेल तेव्हाच त्याला हवं ते द्यायचं. मराठीत मागितलं तर आयानं ऐकलं नाही असं करायचं. पोरगं पहिले काही दिवस आकांत करायचं. मामी तोंड फिरवून उभी राहायची आणि पदरात डोळे पुसायची. पण पावसाळा संपेपर्यंत पोरगं आईला बिलगून इंग्रजीत बोलायला लागलं. 

मामीनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन तोच नियम हन्नाला लावला. आल्या आल्या मराठी बंद. जे सांगायचं असेल ते आधी इंग्रजीत सांग, नाही आलं तर शब्द शोध, शब्द सापडेस्तोवर मी ऐकणार नाही. त्या गोऱ्या पोराला त्या नियमानं त्याच्या आईच्या भाषेत नेलं होतं, आणि हन्नाला तो तिच्या आईच्या भाषेतून हाकलत होता. एवढी साधी गोष्ट त्या हुशार बाईच्या ध्यानात आली नाही. सासूबाईंनी एकदा हटकलं, ‘‘अगं, दोन आठवड्यांनी येतीस, पोरीला बोलू तरी दे.’’ तर मामी म्हणाली, ‘‘वन्सं, मराठी बोलायला तुमी हायेत की तिला. इंग्रजीला माझ्याबिगर कोन हाय?’’ सासूबाईंनी विषय सोडला. पोर शेवटी मामीची होती.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेबाचं कुटुंब भंडारदऱ्याला हवा खायला गेलं आणि मामीला बरोबर घेऊन गेलं. महिनाभर तिचं दर्शन नाही. हन्ना दारात बसून वाट बघायची. अखेर निरोप आला की येत्या आयतवारी मामी येतेय. त्या दिवशी सकाळी हन्ना मिशनच्या देवळात आली नाही. पोट दुखतंय म्हणाली आणि तोंडावरून पांघरूण घेऊन पडून राहिली. आम्ही उपासनेहून परतलो तरी तशीच. सासूबाईंनी ओवा दिला, कपाळाला हात लावून पाहिला. ‘‘आई कधी यील?’’ एवढंच ती विचारत होती.

मामी आली ती उन्हानं लाल झालेली, पण खुशीत. भंडारदऱ्याहून नवे शब्द घेऊन आली होती. बोट, लेक, हिल, फॉग. हन्ना पांघरूण टाकून उठली आणि धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली.

‘‘आई, मला तुला एक सांगायचंय.’’

‘‘इन इंग्लिश,’’ मामी हसत म्हणाली.

‘‘आई, तसं न्हाई. हिकडं आत ये ना. तुला एकटीलाच सांगायचंय.’’

‘‘फर्स्ट इंग्लिश. महिनाभरात इसरलीस का काय समदं?’’

मी तिथंच तांदूळ निवडत होते. हन्नानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ओठ हलले. ‘‘मदर,’’ ती म्हणाली, ‘‘माय... माय स्टमक...’’

‘‘व्हेरी गुड!’’ मामीनं टाळी वाजवली. ‘‘स्टमक पेन. पोट दुखतंय. मग? अजून?’’

पोर उभी राहून शब्द शोधत होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला वाटलं, पोटदुखीच सांगायची असेल, ती तर सांगून झाली. थोड्या वेळानं तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, ‘‘नथिंग.’’

‘‘नथिंग म्हंजे?’’ मामीनं लगेच विचारलं.

‘‘काही न्हाई,’’ हन्नानं अर्थ सांगितला.

मामीला केवढा आनंद झाला! हा शब्द तिनं शिकवलेला नव्हता, तो पोरीनं स्वतःहून उचलला होता. मग चटईवर वस्तू मांडल्या गेल्या, आणि हन्नानं कप, टिन, सोप, सगळं बिनचूक सांगितलं. संध्याकाळी मामी तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. ती वळणाआड झाली आणि हन्ना मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी सासूबाईंकडे गेली. तिनं हुंदका दिला तो मला आतपर्यंत ऐकू आला. मी धावत गेले तर सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलेलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि ती अंग टाकून रडत होती.

‘‘मी मरनार का आत्या?’’

‘‘अगं येडे! मरायचं काय त्यात? शहानी झालीस तू. समद्या बायांचं हुतं असं.’’ सासूबाई हसत होत्या आणि त्यांचेही डोळे गळत होते. त्यांनी तिला न्हायला घातलं, सगळं समजावून सांगितलं, रात्रीच्या जेवणात शिरा केला. हन्नानं तो आत्याला खेटून बसून तिच्याच ताटात खाल्ला. पहाटेपासून पोरीनं ती भीती पोटात धरून ठेवली होती, आईला सांगायची म्हणून.

पुढच्या खेपेला मामी आली तेव्हा सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. मामीचा चेहरा उतरला. ‘‘मला का न्हाई सांगितलं तिनं?’’

‘‘सांगत हुती की! तूच म्हनलीस, इंग्रजीत सांग,’’ सासूबाई तडकून म्हणाल्या. ‘‘हितं मला शब्द सापडना झालेत तुला सांगायला, त्या लेकराला कुठनं सापडायचे?’’

मामीनं त्या दिवशी गाठोडंही सोडलं नाही. मला वाटलं, चला, डोळे उघडले. आणि दोन आठवड्यांनी बाई काय घेऊन आली असेल? त्या गोष्टीचे इंग्रजी शब्द. शेजारच्या बंगल्यावरच्या आयाला विचारून पाठ करून आली होती. हन्नाला आत नेऊन, दार लोटून, तिनं ते तिच्याकडून तीन-तीनदा म्हणवून घेतले. ‘‘आता पुढल्या टायमाला तुला सांगता यील,’’ असं ती म्हणाली. तिच्या मनानं तिनं चूक दुरुस्त केली होती.

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. नवी सून होते, पण बोलले. ‘‘मामी, तिला नुसतं जवळ घेतलं असतं तरी बास हुतं.’’ मामी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला मी काय म्हणते तेच कळलं नव्हतं.

त्यानंतर हन्ना बदलली. भांडली नाही, रुसली नाही. आयतवारी आई आली की समोर बसायची, विचारलं तेवढं सांगायची, एकही शब्द चुकायची नाही. आई गेली की उठून आत्याच्या मागे मागे करायची. शाळेत कुणी चिडवलं, देवळात कोणत्या गाण्याला सूर चढला, आळीतल्या कुत्रीच्या पिलांनी कधी डोळे उघडले, सगळं आत्याला. मामी अभिमानानं सांगायची, ‘‘माझी हन्ना वायफळ बोलत न्हाई.’’ आम्ही सासू-सुना एकमेकींकडे बघायचो.

सत्तेचाळीस साली साहेब लोक गेले. रॉबिनबाबा गाडीत बसताना मामीला इंग्रजीत काहीतरी बोलला. काय बोलला ते तिनं कधी सांगितलं नाही. ती आळीत परत आली, आमच्याच अंगणातली समोरची खोली भाड्यानं घेतली आणि शिवणकाम धरलं. आता रोज लेकीजवळ राहायचं म्हणून केवढ्या हौसेनं आली होती! पण हन्ना झोपायला आमच्याकडेच. ‘‘आत्याचे पाय चेपायचे असतात,’’ म्हणायची.

पुढच्या वर्षी मामी तिला दवाखान्यात घेऊन गेली. वाटभर शब्द घोकून घेतले. तिथली गोरी मिसबाई आपल्याकडे इतकी वर्षं राहिलेली की मराठी आमच्यासारखंच बोलायची, नुसता हेल वेगळा. तिनं एकही इंग्रजी शब्द विचारला नाही. ‘‘बाळ, तुला नर्स का व्हायचं आहे?’’ एवढंच विचारलं. हन्ना म्हणाली, ‘‘आईला पाहिजे म्हणून.’’ मिसबाईनं प्रेमानं सांगितलं की घरी जा, तुला स्वतःला वाटेल तेव्हा ये. हन्ना पुन्हा गेली नाही. मामी किती दिवस जेवली नाही, पण पोरीला एक शब्द बोलली नाही. घरी येताना तिनं एवढंच विचारलं होतं, ‘‘तुला नगं हुतं, तर मला सांगायचं न्हाई का?’’ हन्ना म्हणाली, ‘‘तू कधी इचारलंच न्हाई, आई.’’ तेही शांतपणे. त्या एका वाक्यानं मामी म्हातारी झाली. मी तिला पाहिलंय, म्हणून सांगते.

त्याच वर्षाच्या शेवटी हन्नाचं लग्न बेलापूरच्या यशयाशी झालं. तो तिथल्या शाळेत शिकवायचा, स्वभावानं गरीब. एकोणपन्नास साली पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली, तेव्हा मामीनं सासूबाईंचे पाय धरले. ‘‘वन्सं, एवढं बाळंतपन माझ्या खोलीत हू द्या.’’ सासूबाईंनी तिला उठवलं. मला बजावलं, ‘‘मी तिकडं फिरकनार न्हाई. तिला तिची आई मिळू दे.’’ आणि खरोखर त्या मन मारून आपल्या उंबऱ्याच्या आतच राहिल्या.

मामीनं काय करायचं ठेवलं नाही. दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले, लेकीचे केस विंचरले. आता कुठला नियम नव्हता, कसलं गाठोडं नव्हतं. लेकीनं काहीही बोलावं आणि हिनं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. मी दुपारी जायची तेव्हा दोघी गप्प बसलेल्या दिसायच्या. एकदा माझ्यासमोरच मामी म्हणाली, ‘‘हन्ने, त्या दिशी माझं चुकलं गं.’’ कुठल्या दिवशी, ते विचारायची गरज हन्नाला पडली नाही. ‘‘असू दे, आई. कशाला ते आता,’’ ती म्हणाली आणि हसली. मनात काही ठेवून नव्हती ती पोर, मी शपथेवर सांगते. तिला आईशी बोलायची सवयच राहिली नव्हती.

नाताळ तोंडावर आला होता. भर दुपारी हन्नाचं दुखायला लागलं. साळूबाई सुईण आली. मी पाण्याची ये-जा करत होते. मामी लेकीच्या मागे बसून तिची पाठ आपल्या छातीशी धरून होती. कळ आली की बाईच्या तोंडून ‘आई गं’ निघतं. ज्यांची आई केव्हाच गेली त्या म्हाताऱ्याही ठेच लागली तरी ‘आई गं’च म्हणतात. हन्ना बराच वेळ दात आवळून होती. मामी तिच्या कानाशी म्हणत होती, ‘‘वरड, बाळ, वरड. मी हाय.’’

मग मोठी कळ आली आणि हन्ना ओरडली, ‘‘आत्या गं!’’

साळूबाई सरळ तोंडाची बाई. ती म्हणाली, ‘‘अगं, तुझी आई हाय की तुझ्या पाठीला. तिला हाक मार.’’ हन्नाला काही ऐकू येत नव्हतं. ‘‘आत्या गं, ये ना गं! आत्या!’’

मामीनं हळूच तिच्या पाठीमागे उशा लावल्या, मला तिथं बसवलं आणि उठली. दारातून मला दिसत होतं. समोर सासूबाई आपल्या उंबऱ्यावर चौकट धरून उभ्या होत्या, हाका ऐकून कासावीस झालेल्या, पण दिलेल्या शब्दासाठी पाऊल न उचलणाऱ्या. मामी अंगण ओलांडून त्यांच्यापुढे गेली.

‘‘वन्सं, चला. तुमाला बोलावतीय ती.’’

‘‘अगं, कळांच्या भरात बोलतंय लेकरू. त्याचं काय मनावर घेतीस?’’

‘‘मनावर न्हाई घेतलं. चला लवकर, लई तरास होतोय तिला.’’

सासूबाई आल्या आणि हन्नानं त्यांच्या गळ्याला मिठी मारली. मामी आत आलीच नाही. अंगणातल्या चुलीपाशी जाऊन बसली. तासाभरानं मुलगी झाली. मी धावत बाहेर गेले. पाणी कधीचं उकळत होतं, तरी मामी चुलीत लाकडं सारत होती.

‘‘मामी, नात झाली! चला आत.’’

‘‘हन्ना कशी हाय?’’

‘‘बरी हाय. आत्याशी बोलतीय. किती दुखलं, काय झालं, समदं सांगतीय. थांबंना झालीय नुसती.’’

मामी आत जायला उठली, दोन पावलं टाकली आणि थांबली. खोलीतून हन्नाचा आवाज येत होता. तिनं तो कान देऊन ऐकला. मग परत फिरून चुलीपाशी बसली.

‘‘बोलू दे तिला,’’ ती मला म्हणाली. ‘‘मी आत गेले तर गप व्हईल.’’